धरवत नाही

घरापासून रविवार कारंज्यापर्यंत रिक्षाने वीसेक मिनिटं लागतात. त्या वाटेवर मला पाच दारं माहीत आहेत. पहिलं एका पेट्रोल पंपावरचं; कडी आतून लागत नाही, पण पाणी असतं. मग कॉलेज रोडवरचं एक कापडाचं दुकान. तिथल्या गल्ल्यावरची मुलगी आता ओळखते, काही न विचारता मागच्या जिन्याकडे हात करते. खरं तर गंगापूर रोडवरून सरळ जाणं सोपं, पण या दुकानासाठी मी वाकडी वाट करून जाते. त्यानंतर एक पॅथॉलॉजी लॅब. तिथे कोणी बाई घाईघाईने आत शिरली तर कोणाला नवल वाटत नाही. अशोक स्तंभाच्या पुढे मैत्रिणीचं माहेर. आणि मेन रोडला लागण्याआधी एक सार्वजनिक शौचालय, सकाळी दहापर्यंत जाता येतं असं.

रिक्षा एक दार मागे टाकून पुढे गेली की मी पुढच्याचं अंतर मोजायला लागते. शेजारी कोणी बोलत असेल तर मी हो ला हो देते, पण लक्ष तिकडे नसतं.

मी ६२ वर्षांची आहे. तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. २०१९ पासून मला शी धरवत नाही. हे वाक्य मी आधी तीन निराळ्या प्रकारांनी लिहून पाहिलं. एकदा ‘पोटाचा त्रास’ असं लिहिलं, एकदा ‘पचनाची तक्रार’. मग खोडलं. पोटाचा त्रास असता तर मी तो पहिल्याच दिवशी चार जणींना सांगितला असता, आणि चौघींनी ओवा, हिंग, जिरं असं काहीतरी सुचवलं असतं.

त्या वर्षी रथसप्तमीच्या आदल्या दिवशी जुन्या नाशकात एका नातेवाइकांकडे हळदीकुंकू होतं. वाण घेतलं, तिळगूळ घेतला, परत निघाले. रविवार कारंज्याच्या सिग्नलपाशी पोटातून सूचना आली. कळ नव्हे, सूचनाच. एरवी अशी सूचना आणि पुढचं घडणं यांच्यामध्ये काही अवधी असतो. आयुष्यभर आपण तो गृहीत धरलेला असतो. त्या दिवशी तो अवधी नव्हता. भर गर्दीत, रेशमी साडीत, हातात वाणाची पिशवी धरून मी उभी होते, आणि झालं.

रिक्षात मी सीटच्या कडेला, पिशवी उलटी करून अंगाखाली घेऊन बसले. रिक्षावाल्याने सबंध रस्ताभर आरशात पाहिलं नाही. घराशी उतरताना तो एवढंच म्हणाला, “ताई, जिन्यापर्यंत येऊ का?” त्याला कळलं होतं. त्याचं भलं होवो, असं मी आजही रविवार कारंज्यावरून जाताना मनात म्हणते. साडी चार पाण्यांतून काढली. रेशीम असं धुवायचं नसतं हे माहीत असूनही.

यजमानांना दुसऱ्या दिवशी सांगितलं. ते काही बोलले नाहीत. संध्याकाळी आले ते प्लंबरला घेऊन, आणि बाहेरच्या खोलीजवळच्या त्या बंद पडलेल्या संडासाचा नळ दुरुस्त करून घेतला. घरात आता दोन संडास चालू आहेत. या प्रसंगाबद्दल आम्हा दोघांत त्यानंतर महिनाभर शब्द निघाला नाही, पण तो नळ मला पुरला.

शब्दांवरून सांगते, कारण माझा सगळा जन्म शब्दांत गेला. या गोष्टीला मराठीत काय म्हणायचं? तान्ह्या मुलाची ‘झाली’ असते, आणि ती सांगताना आई हसत असते. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याचं ‘कपड्यात होतं’, आणि ते सांगताना सून आवाज खाली आणते. या दोघांच्या मधला जो माणूस आहे, चालताबोलता, कामावर जाणारा, बाजारहाट करणारा, त्याच्यासाठी बोलीत शब्दच नाही. भाषेने असं धरून ठेवलंय की त्याला हे होतच नसणार. शहरातल्या भिंतींवर, एसटी स्थानकांबाहेर मूळव्याध, फिशर, भगंदर अशी ठळक अक्षरं रंगवलेली असतात. शरीराच्या त्या भागाबद्दल चारचौघांत बोलायची तेवढीच परवानगी आहे.

वैद्यकीय मराठीत शोधलं तर ‘मल-असंयम’ सापडला. असंयम! संयम हा शब्द मी किती वेळा फळ्यावर लिहिला असेल. जिभेवर संयम, रागावर संयम, निबंधाचा विषय म्हणून संयम. तोच शब्द उलटा करून एका दुखावलेल्या स्नायूला लावलेला. कोणी ठरवून केलं नसेल, पण रोग्याच्या हातात असा शब्द ठेवणं म्हणजे त्याच्या चारित्र्यावर शेरा मारणं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

आमच्या घरातल्या बायकांचा शब्द त्याहून बरा होता. धरवत नाही. व्याकरणात याला शक्य क्रियापद म्हणतात: चालवत नाही, बघवत नाही, जेववत नाही. करणाऱ्याला करायचं आहे, पण अंगात ते करण्याची ताकद उरलेली नाही, एवढंच त्या रूपातून कळतं. आळस, निष्काळजीपणा, घाणेरडेपणा असलं काही त्यात शिरत नाही.

हा शब्द मी आईच्या तोंडून एकदाच ऐकला, तिच्या शेवटच्या वर्षात.

आई १९३२ सालची. लग्न होऊन तिवंध्याजवळच्या वाड्यात आली. चौकाच्या चारी बाजूंना बिऱ्हाडं आणि मागच्या अंगाला सगळ्यांत मिळून दोन संडास. बायका पहाटे उजाडायच्या आत जाऊन यायच्या. दिवसा चौक ओलांडून, हातात टमरेल घेऊन, ओसरीवर बसलेल्या पुरुषांसमोरून जायचं म्हणजे लाजेने मान खाली. म्हणून मग नाहीच जायचं. दाबून ठेवायचं, दुसऱ्या पहाटेपर्यंत. तिची पाचही बाळंतपणं सुईणीच्या हातची. पाचवी मी.

ती रोज गंगेवर जायची. बाहेरगावच्यांसाठी ती गोदावरी. आम्हा नाशिककरांची ती गंगाच. रामकुंडावर पाय बुडवायचे, कपालेश्वराच्या पायऱ्या चढायच्या, येताना भाजी. मे महिन्यात घाटावर वसंत व्याख्यानमाला असायची, तेव्हा आईवडील दोघं पुढच्या रांगेत. आई चौथी शिकलेली, पण वक्त्याने एखादा श्लोक अर्धा सोडला तर ती ओठांत तो पुरा करायची.

साधारण १९९८ पासून हे एकेक करून सुटत गेलं. आधी व्याख्यानमालेत ती कडेच्या, मागच्या रांगेत बसायला लागली. “तिथे वारा लागतो,” म्हणाली. मग जाणंच थांबलं. गंगेवर जाणं थांबलं, गुडघ्यांच्या नावावर. कोणाच्या घरी गेली तर सोफ्यावर न बसता लाकडी खुर्ची मागायची. लग्नाच्या पंगतीत जेवायची नाही, घरी येऊन भात कालवायची. आणि मग एक दिवस देवपूजा तिने वहिनीकडे दिली. आई आणि पूजा सोडते? आम्ही भावंडं चरकलो, पण विचारलं कोणी नाही. वय झालं, मन विटलं, असं आपसांत बोललो. मी तर तिला एकदा तोंडावर म्हटलं, “आई, तू अगदी घरकोंबडी झालीस.” ती वाती वळत होती. वाती तेवढ्या तिने शेवटपर्यंत वळल्या, देवापाशी न जाता. माझ्याकडे न बघता म्हणाली, “असू दे गं.”

तिला ओवळं वाटत होतं. दिवसात कधीही काहीही होईल आणि आपण सोवळ्यात असू, या भीतीपुढे तिने चाळीस वर्षांची पूजा सोडली. सोवळं मी मानत नाही. पण ज्याने ते आयुष्यभर मानलं, त्याच्याकडून ते असं काढून घेतलं जाणं म्हणजे काय, हे मला आता थोडंसं समजतं.

२०१० मध्ये तिला सारखे जुलाब होतात असं वहिनीच्या लक्षात आलं. थोडं थोडं, पाण्यासारखं, नकळत. आम्ही मेडिकलमधून जुलाब थांबवायच्या गोळ्या आणल्या. कमी झालं नाही म्हणून आणखी दिल्या. हे कित्येक महिने चाललं. शेवटी एका तरुण डॉक्टरने हातमोजा घालून तपासलं. तपासायला त्याला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. आत खडा होता, मुठीएवढा. घट्ट मल खाली अडकून बसतो, आतडं ताणून सैल होतं, आणि वरचा पातळ मल त्या खड्याच्या कडांनी झिरपत राहतो. बाहेरून दिसतो तो जुलाब, आत असतो मलावरोध. आमच्या गोळ्यांनी तो खडा आणखी घट्ट केला होता. एनिमा, मग रोजचं सौम्य रेचक, ठरलेल्या वेळी बसवणं. तीन आठवड्यांत आईचं झिरपणं जवळजवळ थांबलं. तेव्हा ती म्हणाली, “मला धरवत नाही हे मी सांगणार होते गं. पण कोणाला सांगू?”

म्हातारपणी अचानक पातळ शी लागून कपडे भरत असतील, तर जुलाबाची गोळी देण्याआधी खडा आहे का ते तपासून घ्या. या लेखातली बाकीची पानं विसरलात तरी चालेल, हे एवढं विसरू नका.

आई २०११ मध्ये गेली. तिच्या ट्रंकेत, नऊवारीच्या खाली, जुनेराच्या घड्या निघाल्या. तळहाताएवढ्या चौकोनात कापलेल्या, कडा दुमडून शिवलेल्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या. वहिनी म्हणाली, देवाची वस्त्रं असतील. मी मान डोलावली. मलाही तेच वाटलं. पुढे आठ वर्षांनी, रविवार कारंज्यानंतरच्या रात्री, मी कपाट उघडून जुनी सुती साडी शोधत होते, कात्री हातात होती, तेव्हा मला त्या घड्या आठवल्या.

डॉक्टरकडे जायला मला सात महिने लागले. आईचं सगळं माहीत असूनही सात महिने. दरम्यान मी सकाळी चहा न घेता बाहेर पडायला शिकले, कारण काही पोटात गेलं की आतडं जागं होतं आणि पुढे ढकलायला लागतं. हे सगळ्यांच्याच शरीरात घडतं, माझ्या बाबतीत ते वैरी झालं होतं. रविवारची मिसळ बंद केली. भावाचं सगळं घर श्रावणात तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीला जातं, त्यांना ‘येत नाही’ असं सांगितलं. गुडघे, म्हटलं. शब्द तोंडातून निघाल्यावर मला आईचाच आवाज ऐकू आला.

ज्या डॉक्टरीणबाईंकडे गेले त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा: “बाळंतपण कसं झालं होतं?” मला वाटलं त्या चुकून दुसऱ्या कोणाचा कागद वाचताहेत. तीस वर्षं झाली होती. १९८९ मध्ये, एका लहान दवाखान्यात, चिमटा लावून, पावणेचार किलोचा मुलगा. टाके किती पडले हे सगळ्यांनी विचारलं होतं. कुठल्या स्नायूला पडले हे ना मला सांगितलं गेलं, ना मी विचारलं. एवढंच आठवतं की पुढचे पाच-सहा महिने वारा सरायचा तो मला थांबवता यायचा नाही. सासूबाई म्हणाल्या, बाळंतिणीला वात असतोच. मग ते हळूहळू कमी झालं आणि मी विसरले.

शरीर विसरलं नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी कागदावर काढून दाखवलं. गुदद्वाराभोवती दोन कडी असतात, एकात एक. आतलं कडं आपल्याला न विचारता काम करतं, झोपेतही मिटलेलं असतं, मिटलेलं ठेवण्याचा मोठा भार त्याच्यावर. बाहेरचं कडं आपल्या ताब्यातलं. चारचौघांत असताना ‘आत्ता नको’ म्हणतो ते त्याच्या जोरावर. या दोन्हींच्या वर एक पट्टा मागून पुढे ओढलेला असतो, त्याने आतड्याच्या शेवटाला बाक येतो. उकिडवं बसलं की तो बाक सरळ होतो, म्हणून देशी संडासात मोकळं होतं. आणि तोंडाशी असलेली नाजूक त्वचा आलेला आहे तो वारा, पातळ की घट्ट, हे ओळखते. भरल्या घरात बसून, बोलता बोलता, मनाला कळूही न देता ती हे ओळखते. हे ऐकताना मला भरून आलं. एवढं चोख काम साठ वर्षं चाललेलं, आणि त्याला आपण तोंडाने ‘घाण’ एवढंच म्हणत आलो.

माझं बाहेरचं कडं एका जागी तुटून सांधलं होतं, नीट नाही. सोनोग्राफीत ते दिसलं. असं पुष्कळदा घडतं. लंडनच्या काही डॉक्टरांनी १९९३ मध्ये पहिलटकरणींना बाळंतपणानंतर अशाच सोनोग्राफीने तपासलं, तर तिघींपैकी एकीच्या या कड्यांना इजा झालेली आढळली. त्यांतल्या बहुतेकींना तेव्हा काही जाणवतही नव्हतं. तरुणपणी बाकीचे स्नायू भार उचलतात. पाळी गेली, स्नायू सैलावले, की जुनी इजा वर येते. माझ्या बाबतीत त्यात आणखी भर पडली. २०१७ मध्ये पित्ताशय काढलं होतं. ते काढल्यावर पित्त थेट आतड्यात उतरत राहतं आणि काही जणांना कायम सैल होतं.

“दरवाजा जुना झालाय,” त्या म्हणाल्या, “पण दुरुस्तीआधी आवक कमी करू.” गंगापूर धरणाच्या आवकीच्या आणि विसर्गाच्या बातम्यांवर वाढलेल्या, दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी आलं यावरून पूर मोजणाऱ्या नाशिककरणीला यापुढे काही समजवावं लागलं नाही.

आवक कमी करायची म्हणजे मल बांधायचा. त्याला इसबगोल. मला वाटलं त्या चुकल्या. इसबगोल तर बद्धकोष्ठाला देतात, रात्री दुधातून. पण त्याचा भुसा पाणी शोषून लगद्यासारखा होतो. घट्ट मलाला तो मऊ करतो आणि पातळ मलातलं पाणी धरून त्याला आकार देतो. पित्तासाठी निराळी पूड दिली, आणि बाहेरगावी जाताना आतडं संथ करणारी तीच गोळी, जी आम्ही आईला चुकीची दिली होती. चहा दोन वरून एक. मधुमेहाची मेटफॉर्मिनची गोळी घेणाऱ्यांनाही असं सैल होऊ शकतं आणि डॉक्टर ती बदलून देऊ शकतात, हे मला तिथेच समजलं. वहिनीला लगेच फोन केला.

आणि व्यायाम. वारा अडवताना जे आवळतो ते आवळायचं, वर ओढून धरायचं, दहा मोजायचं, सोडायचं. पोट नाही, मांड्या नाहीत, श्वास कोंडायचा नाही. आठ दिवस मी चुकीचंच करत होते. मग फिजिओथेरपिस्टने एक बारीक नळी आत ठेवून तिची रेघ समोरच्या पडद्यावर दाखवली. योग्य स्नायू आवळला की रेघ वर चढायची. जो स्नायू मी कधी पाहिला नाही, तो तिथे रेघ होऊन माझं ऐकत होता. तीन महिने आठवड्यातून एकदा जात होते. याने भागलं नाही तर तुटलेलं कडं शिवता येतं, किंवा कमरेच्या खालच्या मज्जातंतूला हलका विद्युतप्रवाह देणारं यंत्र कातडीखाली बसवता येतं. मला त्याची गरज पडली नाही. पूर्ण बरी झाले असं म्हणणार नाही. आधी आठवड्यातून एकदा व्हायचं, आता दोन-तीन महिन्यांतून एकदा. पाच दारं मी अजून मोजते.

किती जणांना होतं हे? मला वाटत होतं मी आणि आई. अमेरिकेत २००५-०६ साली घरी राहणाऱ्या, हिंडत्याफिरत्या प्रौढांची पाहणी झाली, तेव्हा गेल्या महिन्याभरात एकदा तरी मलावरचा ताबा सुटला असं सांगणारे निघाले ८.३ टक्के. विशीतले २.६, सत्तरीपुढचे १५.३. बायका ८.९ आणि पुरुष ७.७, मला सगळ्यांत आश्चर्य या आकड्याचं वाटलं. पुढे जगभरातल्या पाहण्या एकत्र केल्या तेव्हाही साधारण बारांत एक असाच हिशेब आला. आणि यांतले बहुतेक जण डॉक्टरला आपण होऊन सांगत नाहीत. २०११ च्या जनगणनेत नाशिक शहर पंधरा लाखांच्या जवळ होतं. त्यातले दहा लाख मोठी माणसं धरली, तर ऐंशी हजार. हा हिशेब मी वहीच्या मागच्या पानावर केला, नाशिकचा कोणी मोजलेला आकडा तो नाही. तरीही संध्याकाळी मेन रोडवर गर्दी बघताना मी आता निराळ्या नजरेने बघते. जी बाई दुकानात बसायला खुर्ची दिली तरी उभीच राहते, जे आजोबा नातवाच्या लग्नात कार्यालयाच्या दारापाशीच घोटाळतात.

आमची भिशी बाराजणींची, सगळ्या पंचावन्नच्या पुढच्या. एकदा माझ्या घरी असताना मी सांगून टाकलं. कोणी काही बोललं नाही. मग एकजण म्हणाली, पोहे निवतायत. सगळ्या पोह्यांकडे वळल्या आणि मला वाटलं, चुकलं आपलं. त्या आठवड्यात दोन फोन आले, दोन्ही दुपारी, घरात कोणी नसताना करतात तसे. एकीचं फिशरच्या ऑपरेशननंतर सुरू झालेलं, नऊ वर्षं. दुसरी म्हणाली, “मला वाटायचं की हे पापाचं फळ आहे.” कसलं पाप, विचारलं तर तिला सांगता येईना. ती रडत होती.

आणि शेजारचे काका. रोज पहाटे गोल्फ क्लबच्या मैदानावर दहा फेऱ्या मारणारे, मित्रांचा गोतावळा असलेले. दोन वर्षांपासून ते गॅलरीतच येरझाऱ्या घालायचे. प्रोस्टेटचा कॅन्सर बरा झालाय आणि हे का बाहेर पडत नाहीत, अशी सोसायटीत चर्चा. मी काकूंशी बोलले होते. एक दिवस जिन्यात काका थांबले. “वहिनी, किरणं दिल्यापासून माझंही तेच आहे.” एवढं बोलून ते वर गेले. अशा रेडिएशनने गुदाशयाचं अस्तर ताठर आणि हुळहुळं होतं, साठवण कमी होते, घाई होते. हे त्यांना माहीत होतं. फक्त त्यावर काही करता येतं हे माहीत नव्हतं. आता ते परत मैदानावर जातात, पाच फेऱ्या, संडासाच्या बाजूने.

सिंहस्थ आला की शहरात शौचालयांची चर्चा सुरू होते. किती हजार बसवणार, कुठे बसवणार. ते हवंच. पण बारा वर्षं थांबलेला म्हातारा यात्रेकरू गंगेवर येतो तेव्हा त्याला किती हजार आहेत याच्याशी कर्तव्य नसतं. त्याला घाटाच्या पायऱ्यांवरून दिसेल असं एक हवं असतं, आणि रांगेत पुढे सोडणारं कोणीतरी. आतमध्ये पिशवी अडकवायला खिळा आणि वाकल्यावर धरायला दांडी. ज्यांना कपडे बदलावे लागतात त्यांना हे सुचतं. ठरवणाऱ्यांना कोणी सांगायला जात नाही.

गेल्या महिन्यात भाची बाळंत झाली. मुलगी, साडेतीन किलो, टाके बरेच. मी डिंकाचे लाडू घेऊन गेले. खोलीत बाळंतशोपांचा आणि ओव्याच्या धुरीचा वास, बाळ झोपलेलं. सगळ्यांनी सगळं विचारून झालं होतं: दूध येतं का, कंबर कशी आहे, झोप होते का. तिची आई स्वयंपाकघरात गेल्यावर मी खुर्ची पलंगाजवळ ओढली.

“एक विचारू? वारा धरता येतो का गं तुला?”

ती माझ्याकडे बघत राहिली. मग बाळाच्या दुपट्याची कड नीट करायला लागली, जी नीटच होती.

“नाही मावशी,” ती म्हणाली. “आणि परवा थोडं परकराला लागलंही होतं. मी धुऊन टाकला.”

“कोणाला सांगितलंस?”

तिने मान हलवली.

मी पर्समधून डॉक्टरीणबाईंचा नंबर काढला.